गुळगुळीत

१

पाळणाघर वहिनींचं होतं, पण खेळण्यांवर राज्य आत्याचं. वहिनी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर दोघींनी मिळून घराच्या खालच्या मजल्यावर हे पाळणाघर काढलं, आणि येणारंजाणारं प्रत्येकजण एकीला वहिनी आणि दुसरीला आत्याच म्हणू लागलं.

कुणाच्याही घरून आलेलं खेळणं, मग ते कितीही महागाचं असो, आत्याच्या हाताखालून गेल्याशिवाय मुलांच्या खोलीत शिरत नसे. आईबाप रंग बघून खेळणी घेतात आणि दुकानदार आईबापांचे चेहरे बघून विकतात, असं तिचं ठाम मत होतं. मुलाच्या तोंडाचा विचार कुणी करत नाही. मूल नव्या वस्तूशी आधी तोंडानेच ओळख करून घेतं, हे ती प्रत्येक नव्या आईला पहिल्याच दिवशी ऐकवायची. नवी आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी मण्यांचा खुळखुळा घेऊन यायची.

संध्याकाळी शेवटचं मूल कडेवर बसून घरी गेलं, की मागच्या खोलीत आत्याचा दरबार भरायचा. दिवसभर चघळलेली खेळणी कोमट साबणपाण्यात बुडायची, पुसली जायची आणि जाळीवर सुकायला ओळीने बसायची. त्याआधी प्रत्येकाची तपासणी. अस्वलांचे डोळे ती चिमटीत धरून असे ओढायची की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. रंगावर ओलं फडकं घासायची. लाकडी खेळण्यांची कड बोटाने नाही, गालाने बघायची. "बोटं साबणाने निबर झाली, गाल अजून खरं बोलतो," म्हणायची. एक आखूड नळकांडंही होतं, लहान मुलाच्या घशाच्या मापाचं. त्यातून जे आरपार गेलं ते रांगत्या मुलांना बंद. जे नापास झालं ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात जायचं. त्याला सगळे बाद डबा म्हणत.

मुलांचं खाणंपिणं आणि नाकंढुंगणं बघायला एक मदतनीस होती. ती झोपेतही पळत असणार, असा सगळ्यांना संशय होता, म्हणून तिला घाईबाई म्हणत. ती नवी आली तेव्हा आत्याने तिला एकच गोष्ट घोटून शिकवली. मुलाच्या हातातलं काही काढून घ्यायचं असेल तर दुसऱ्या हाताने आधी दुसरं काही द्यायचं. ओढायचं नाही. ओढलं की मूल मूठ आवळतं. आणि रिकाम्या हाताने सोडलं, की जवळ जे सापडेल ते उचलून तोंडात घालतं. घाईबाईने या शिकवणीचं नाव 'घे-दे' ठेवलं होतं आणि आत्याची नक्कल करताना ते ती हमखास वापरायची.

तर एके सकाळी आत्याने मागची खोली उघडली आणि जाळीवर तिला लाकडी घोडा दिसला. आदल्याच दिवशी त्याच्या कानाचा टवका उडून कुसळ वर आलं होतं, म्हणून तिने तो स्वतःच्या हाताने बाद डब्यात टाकला होता. आता तो इतरांच्या ओळीत ऐटीत उभा होता, आणि कानापाशी ओला होता.

तिने कान गालाला लावला. कुसळ नव्हतं. टवक्याची कड पाण्यातल्या गोट्यासारखी गोल झाली होती.

२

"मी?" घाईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अहो आत्या, मला मुलांची नाकं पुसायला वेळ पुरत नाही, मी घोड्याचे कान कधी घासत बसू?"

वहिनींनी वर मानही केली नाही. "वन्सं, तुम्हीच बाहेर ठेवला असेल. काल चष्मा डोक्यावर आणि तुम्ही घरभर शोधत होतात की नाही?"

चष्म्याची गोष्ट आत्यालाही मान्य होती. तिने विषय सोडून दिला. पण त्यानंतर डब्यातून एकेक जण परत येऊ लागला. कापडी अस्वलाचा सैल डोळा नाहीसा झाला होता, दोरा नाही, भोक नाही, तिथलं कापड मऊ आणि सलग. प्लास्टिकच्या गाडीची हाताला कापणारी शिवण गेली होती. सगळे जाळीवर, ओळीत, ओले.

उंदीर म्हणावं तर उंदीर कुरतडतो, त्याच्या दातांच्या रेघा उमटतात. इथे रेघ नव्हती. आत्याला राहून राहून वाटत होतं की हे कुणीतरी चोखलंय. खडीसाखर चोखावी तसं, घाई न करता, टोक जाईपर्यंत चोखलंय. पण लाकूड चोखून गोल करायला माणसाला किती दिवस लागतील? आणि हे तर एका रात्रीचं काम होतं. मग तिने स्वतःलाच दटावलं. आपणच वस्तू बाद करतो, आपणच घासून परत ठेवतो आणि विसरतो, असं म्हातारपणी होतही असेल. तिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटत होतं. टाकून द्यायला तिचा हात कधीच धजायचा नाही. परत आलेली प्रत्येक वस्तू तिने पुन्हा तपासली आणि एकूणएक पास झाली. नळकांडं, ओलं फडकं, गाल, सगळ्यांत. इतकी निर्धोक खेळणी तिने दुकानातही पाहिली नव्हती. मग ठेवून काय करायचं? तिने ती मुलांच्या खोलीत नेली.

घोडा गेला ढबूकडे. ढबू म्हणजे वहिनींची नात, आत्याच्या भाचीची मुलगी. नुकती रांगायला लागलेली, गालांनी डोळे झाकले जातील अशी. भाचीला आत्याने अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्यामुळे ढबूवर तिचा जीव किती होता हे सांगायला नको. ढबूने घोडा दोन्ही हातांनी घेतला, त्याचा कान तोंडात घातला, आणि मग चोखता चोखता थांबून मागच्या खोलीच्या दाराकडे बघून हसली. तिथे कुणी नव्हतं.

३

दुपारी जेवणं झाली की हिरवे पडदे ओढले जायचे. खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. गाद्यांवर मुलं जिथे पडली तिथे झोपायची, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, आणि घाईबाईसुद्धा भिंतीला टेकून डोळे मिटायची. आत्या मध्ये खुर्ची टाकून बसायची. प्रत्येकाच्या झोपेचा आवाज तिला पाठ होता. दाराजवळचा अंगठा चोखायचा. खिडकीखालची जुळी आळीपाळीने सुस्कारे टाकायची. ढबू एखाद्या पेन्शनरासारखी घोरायची.

त्या दुपारी तिला वाटलं, चोखण्याचा एक आवाज जास्त आहे.

चुटुक. चुटुक. मग गिळल्यासारखी थोडी विश्रांती, आणि पुन्हा चुटुक. ती उठली आणि वाकून एकेका तोंडाजवळ कान नेत गेली. दाराजवळच्याचा अंगठा तोंडातून गळून पडला होता. बाकीची तोंडं उघडी. आवाज मात्र चाललेलाच, समाधानी, संथ, ऐकणाऱ्याच्या पापण्या जड करणारा. तो मागच्या खोलीतून येत होता.

तिने दार लोटलं आणि तो थांबला.

खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं. नळ कोरडा होता. जाळीवर फडकी वाळत होती. मांजर व्याली असेल कुठेतरी, ती स्वतःशी म्हणाली, पिल्लं पीत असतील. भिंतीतल्या नळांचेही असे आवाज येतात. तिने बाद डब्यामागे पाहिलं, जाळीखाली पाहिलं. राहिलं ते मोठं कपाट. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती, मोठ्या माणसाचा जेमतेम हात जाईल एवढी. रांगणारं मूल अडकायला तेवढी पुरे, म्हणून आत्याने पाळणाघर सुरू झालं त्याच आठवड्यात तिच्यात एक फळी ठोकून बसवली होती. फळी जागेवर होती. फक्त तिचे कोपरे गोल झाले होते, आणि ती घट्ट बसायची ती आता डुगडुगत होती.

सवय वाईट. आत्याने वाकून फळीला गाल लावला. लाकूड ऊन लागल्यासारखं कोमट होतं. त्या खोलीत ऊन येत नसे.

ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसली. थोड्या वेळाने पलीकडे पुन्हा सुरू झालं. गंमत म्हणजे तिला भीती वाटायच्या आधी झोप आली. इतकी गोड झोप तिला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

४

ढबूला आता देण्याघेण्याचा नाद लागला होता. या वयात सगळ्यांनाच लागतो. हातातली वस्तू समोरच्याला द्यायची, त्याच्याकडून घ्यायची, पुन्हा द्यायची, समोरचा थकेपर्यंत. घाईबाई तिसऱ्या वेळी कंटाळायची, वहिनींना वेळ नसायचा, आत्या मात्र तासभर खेळायची.

एका संध्याकाळी आत्या खेळणी धूत होती आणि ढबू तिच्या मागे फरशीवर बसली होती. भाचीला यायला उशीर होता. आत्याचे हात साबणात होते, कान मागे होते. ढबू काहीतरी पुटपुटत होती, हसत होती, टाळी वाजवत होती. एकटं मूल असं टाळी वाजवत नाही, असा एक विचार आत्याच्या मनात आला आणि तिने मान वळवली.

ढबू कपाटापाशी होती. फळी बाजूला आडवी पडली होती. ढबूने हातातली लाल रिंग फटीसमोर धरली आणि वाट बघत राहिली, अगदी शहाण्यासारखी. रिंग तिच्या हातातून गेली. पडली असती तर आवाज झाला असता. मग फटीच्या तळाशी, फरशीलगत, घोडा पुढे सरकला. आधी तोंड, मग मान. कुणीतरी आतून ढकलावा तसा, आणि ढबूच्या मांडीला लागल्यावर थांबला.

ढबूने टाळी वाजवली.

आत्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की आधी काढून घेतलं आणि मग दिलं, म्हणजे घे-देचा नियम ते अजून उलटाच शिकलंय. आणि मग ही गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली, ते तिला कळलं. म्हणजे जे कुणी तिथे होतं ते बघत आलं होतं. ती मुलांना काय देते, कसं देते, कोणती वस्तू कशासाठी बाद करते, सगळं बघत, ऐकत, तिच्या हाताखाली शिकत मोठं होत होतं.

तिने ओल्या हातांनीच ढबूला उचललं. ढबूने मोठ्याने भोकाड पसरलं, आणि फटीच्या दिशेने दोन्ही हात पसरले.

५

भंगारवाला दुसऱ्याच दिवशी आला. आत्याने बाद डबा त्याच्या गाडीत उपडा केला. परत आलेली खेळणीही दिली, घोडासुद्धा. ढबूच्या हातातून घोडा काढून घेताना दुसऱ्या हाताने तिला कापडी चेंडू दिला, कारण तेवढं भान तिला होतं. नंतर तिने एक जुनी चटई घट्ट गुंडाळून फटीत वरपासून खालपर्यंत कोंबली.

"वन्सं, ही काय साफसफाई काढलीत?" वहिनींनी विचारलं.

"उंदीर झालेत," आत्या म्हणाली.

दुपारचा तो आवाज बंद झाला. दोनचार दिवस पाळणाघर इतकं शांत होतं की आत्याला स्वतःचंच हसू येऊ लागलं. मग एक दिवस वहिनी मुलांच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "सुताराला बोलावलं होतंत का? बरं केलंत. मी कधीची म्हणत होते."

टेबलांचे कोपरे गोल झाले होते. खिडकीच्या चौकटीची कड, कपाटाच्या दाराचं टोक, उंबऱ्याची धार, लहान मुलाच्या उंचीवर जे जे टोचणारं होतं ते सगळं गेलं होतं. वहिनी कौतुकाने हात फिरवत होत्या. पाळणाघर कधी नव्हे इतकं सुरक्षित झालं होतं. आत्याने मात्र कशालाच हात लावला नाही. मूल रिकाम्या हाताने सोडलं की ते जवळ जे सापडेल ते तोंडात घालतं. साऱ्या जगाला शिकवत आली आणि वेळ आली तेव्हा स्वतःच विसरली. तिने फटीतल्याचं सगळं काढून घेतलं होतं आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं.

ढबूचा पहिला दात त्याच आठवड्यात वर आला होता. खालच्या हिरडीत, तांदळाच्या कणीएवढा, आणि असा धारदार की भाची रोज सकाळी बोट दाखवून तक्रार करायची, "बघ ना आत्या, चावते मला ही." आत्या बोट घालून बघायची आणि ढबू तिलाही चावायची.

त्या दुपारी झोपेतून उठल्यावर ढबू हसली आणि आत्याला दात दिसला नाही. तिने बोट घातलं. हिरडी सलग होती, मऊ होती. रक्ताचा थेंब नव्हता. तिथे कधी काही नव्हतंच, असं तिचं बोट तिला सांगत होतं.

६

डॉक्टर म्हणाले की पहिला दात कधी कधी सैल असतो, पडला असेल, गिळला असेल, घाबरायचं कारण नाही. फक्त जाता जाता त्यांनी पुन्हा एकदा दिवा धरून बघितलं आणि "फार लवकर भरून आलंय" असं पुटपुटले.

वहिनी चिडल्या होत्या. "तुम्ही समोर बसलेल्या असताना पोरीचा दात पडतो आणि तुम्हाला कळत नाही?"

"झोपली होती ती, वहिनी."

"आणि तुम्ही?"

आत्याही झोपली होती. अलीकडे त्या हिरव्या उजेडात डोळे उघडे ठेवणं तिला जमत नसे.

भाची आत्याच्या शेजारी येऊन बसली आणि लहानपणी टेकवायची तशी तिच्या खांद्यावर मान टेकवली. "आईचं मनावर घेऊ नकोस. आई पाळणाघर बघते, मुलं तूच बघतेस. तू आहेस म्हणून मी निर्धास्तपणे कामावर जाते. नाहीतर हिला सोडून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं."

आत्याला सांगायचं होतं. फट, घोडा, चोखण्याचा आवाज, सगळं. पण सांगायला तोंड उघडलं की ते सगळं एका म्हातारीच्या डोक्यातलं वाटेल हे तिला दिसत होतं. आणि ते खरोखरच डोक्यातलं असेल तर? तर मग दात कुणी काढला? ती झोपेत काय करते, हे तिला कुठे ठाऊक होतं? त्या कपाटामागे कुणीतरी असलेलं बरं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

तेव्हापासून ढबू आत्याच्या कडेवर. खाताना, धुताना, दारापर्यंत जाताना. मागच्या खोलीला तिने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुपारी ती ढबूला मांडीवर घेऊन, हाताचा वेढा घालून खुर्चीत बसायची आणि जागं राहायला मनातल्या मनात पाढे म्हणायची. घाईबाई म्हणाली, "आत्या, पोरीला जमिनीवर टेकू द्या, पाय विसरेल ती." आत्या ऐकल्यासारखं करायची आणि सोडायची नाही.

७

पाढे कुठे चुकले ते तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा खोली हिरवी होती, मुलं झोपली होती, घाईबाई भिंतीला टेकून घोरत होती. मांडी हलकी होती.

आत्या ओरडली नाही. मुलं झोपलेली असताना ओरडायचं नाही, हे हाडात मुरलं होतं. तिने कमरेला हात लावला. किल्ली होती. मागच्या खोलीचं दार मात्र उघडं होतं. कुलूप कडीत लटकत होतं, कडी एका जागी चोखून चोखून दोऱ्यासारखी बारीक झाली होती आणि तिथे तुटली होती.

चटईची गुंडाळी फरशीवर पडली होती, ओलीचिंब. ढबू कपाटापाशी पालथी होती. हनुवटी हातांवर, तोंड दाराकडे, आणि पाय गुडघ्यापर्यंत फटीत. ती रडत नव्हती. मधूनच गुदगुल्या झाल्यासारखी खुदकन हसत होती.

आत्या गुडघ्यांवर बसली. तिने ढबूच्या काखांत हात घातले आणि ओढलं. आतून कुणी हिसका दिला नाही. फक्त पकड घट्ट झाली. मूल खुळखुळा सोडत नाही तशी, रागाशिवाय. आत्याने पुन्हा ओढलं आणि ढबूचं हसू थांबलं, ओठ वाकडे झाले, डोळे मोठे झाले. आत्याने हात सैल केले. ओढायचं नाही. कुणी शिकवलं होतं हे सगळ्यांना?

"थांब," ती फटीकडे बघून म्हणाली. "थांब हं, देते."

देणार काय? डबा रिकामा, जाळी रिकामी. खेळणी सगळी पलीकडच्या खोलीत, आणि ढबूला सोडून उठायची तिची छाती नव्हती. तिने पायातली चप्पल काढून फटीत सरकवली. चप्पल आत गेली. मग चप्पल बाहेर आली, ओली, नको असलेली. तिने फडक्याचा बोळा दिला, तोही परत आला. ढबू आता मुसमुसत होती, आणि गुडघे दिसत होते ते दिसेनासे झाले होते.

मुलं अशीच असतात. एखादी गोष्ट हवी म्हणजे हवी. पण मूल कितीही हट्टी असो, एक गोष्ट ते कधी नाकारत नाही, हे आत्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. तिने बांगड्या मागे सारल्या आणि हात फटीत घातला.

आत गार असेल असं तिला वाटलं होतं. ऊब होती. अंधारात काहीतरी तिच्या तळहाताला हुंगल्यासारखं लागलं, थबकलं, आणि मग तिची बोटं एका लहानशा तोंडात गेली. ओलं, मऊ, सगळ्या हिरड्याच. एकाच जागी, खालच्या हिरडीत, कणीएवढं काहीतरी तिच्या बोटाला टोचलं. ती कणी तिच्या ओळखीची होती.

ढबूचे पाय सुटले. ती रांगत आत्याच्या पदराशी आली आणि बसून राहिली.

चुटुक. चुटुक.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारात भाची उभी होती. दाताच्या गोष्टीपासून ती लवकर येऊ लागली होती.

"आत्या? अगं काय झालं? काही पडलं का आत?"

"हिला उचल आधी. पाय बघ हिचे."

भाचीने ढबूला मांडीवर घेऊन पावलं कुरवाळली. "पाय ठीकच आहेत की. ओले कसे झाले? नखं कापलीस वाटतं. किती गुळगुळीत झालीत."

आत्याने डोळे मिटले आणि उघडले. "घरी घेऊन जा तिला. उद्यापासून इथे आणू नकोस."

"म्हणजे?" भाचीचा चेहरा उतरला. "दातावरून आई बोलली म्हणून? मी तुला एका शब्दाने तरी बोलले का गं?"

"नाही बाळा."

"मग मी कुठे ठेवू हिला? तूच नाही म्हणालीस तर मी कुणाकडे जाऊ?"

"कुठेही ठेव. नोकरी सोड हवं तर. इथे नको." आत्याला ढबूच्या गालावर एकदा गाल टेकवायचा होता, पण तेवढं वळता येत नव्हतं. "तुझ्या आईलाही सांग, मुलं उठली की सगळ्यांच्या घरी फोन करा. मी आहे इथे. माझी काळजी करू नका."

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ढबूला खांद्याला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने आत्याचा दंड पकडला. "उठ ना. हात बाहेर काढ. मला भीती वाटतेय."

"हळू बोल," आत्या म्हणाली. "काढते. त्याला झोप लागली की काढते."

"कुणाला?"

आत्या फटीला कान देऊन ऐकत होती. आतला श्वास जड व्हायला लागला होता, चोखणं संथ झालं होतं. आता थोडाच वेळ, नेहमी लागतो तेवढाच. भाची आली तेव्हा आत्याचं कोपर बाहेर होतं. आता कपाटाची गोल कड दंडाला लागत होती. दुखत मात्र काहीच नव्हतं.